‘कशासाठी हवंय?’ विचारणारा माणूस

आमच्या डिप्लोमाच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मध्यंतरी एकाने फोटो टाकला. पुण्यातल्या तापकीर गल्लीतलं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टांचं दुकान, ज्याच्या पायरीवर आम्ही सगळे कधी ना कधी हातात चिठ्ठी घेऊन उभे राहिलो होतो. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. पुढचे दोन दिवस गटावर जुंपली. अर्धे म्हणाले, ऑनलाइनने आपली दुकानं खाल्ली, निदान आता तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन खरेदी करा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. उरलेले म्हणाले, बरं झालं. त्या लोकांनी आपल्याला काय कमी लुटलं? घरबसल्या स्वस्त मिळतंय, आता रडायचं कशाला? दोन दिवसांत दोन्ही बाजू किंमत आणि माल यांच्या पलीकडे गेल्या नाहीत. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. ती दुकानं जशीच्या तशी वाचवावीत असं माझं म्हणणं नाही. पण त्या काउंटरवर माल विकता विकता एक दुसरं काम होत असे, त्याचं बिल कधी फाडलं गेलं नाही, म्हणून ते काम आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. ते काम आज कुणाच्याच अंगावर नाही. बाजार ते आपण होऊन करणार नाही, आणि म्हणून त्याची सोय सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे.

काम कोणतं, ते सांगतो. मी बार्शीचा. डिजिटल घड्याळ बनवायचं म्हणून १७व्या वर्षी एसटीने स्वारगेटला उतरलो आणि चालत बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक ७८०५, म्हणजे पाच व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप. काउंटरवरच्या काकांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “कशासाठी हवंय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अरे, पाचच व्होल्ट पाहिजेत ना? मग १२चा कशाला? ९चा घे. वरचे सगळे व्होल्ट त्या रेग्युलेटरने तापून तापून संपवायचे, दुसरं काय!” शिवाय चिपची उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची एक छोटी हिटसिंक काढून दिली. बिल मी आणलेल्या हिशोबापेक्षा कमी झालं. व्होल्टचा फरक गुणिले करंट म्हणजे उष्णता, हे सूत्र आमच्या पुस्तकात होतंच. १२ व्होल्ट एसीचे फिल्टरनंतर १६च्या आसपास डीसी होतात, त्यातून पाच काढले तर अकरा उरतात, अर्धा अँपिअर ओढला तर साडेपाच वॉट त्या इवल्याशा चिपला जाळत बसतात, हा हिशोब मी परतीच्या एसटीत पहिल्यांदा खरोखर केला. पाठ झालेलं सूत्र त्या दिवशी समजलं.

आठवण खरी आहे, आणि मनाला इतकी जवळची आहे म्हणूनच तिच्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. आपण ज्याला ‘हॉबीचं दुकान’ म्हणून आठवतो, तसं दुकान आपल्याकडे जवळजवळ नव्हतंच. लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथलं सुट्या पार्टांचं गिऱ्हाईक मुख्यतः रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे आणि घरगुती असेंब्ली करणारे कारागीर. १९८२च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, घरोघरी संच वाढले, आणि गावोगावच्या मेकॅनिकला फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, आयसी डझनाने लागू लागले. दुकान त्याच्यावर चालत होतं. आम्ही विद्यार्थी तीन रजिस्टन्स आणि एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर घेऊन जायचो. आमच्यावर कुणाचा संसार चालला नाही. मेकॅनिकसाठी भरलेल्या खणांतून आम्हाला एकेक दाणा मिळत होता, इतकंच. पुढच्या सगळ्या मुद्द्याची किल्ली यात आहे.

दुकानांच्या विरोधात जे बोलतात त्यांचे मुद्दे मी टाळणार नाही, कारण ते बरोबर आहेत. पहिला मुद्दा खोट्या मालाचा. २एन३०५५ हा जाडजूड धातूच्या टोपीतला पॉवर ट्रान्झिस्टर १५ अँपिअरचा. बाजारात त्याच नावाखाली, आत नखाएवढी चकती असलेले नग सर्रास मिळत. गणपतीच्या मंडळासाठी मी बनवलेला ॲम्प्लिफायर पहिल्याच संध्याकाळी गेला तो अशाच जोडीमुळे. दुकानात परत गेलो तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवलं गेलं. आज पार्सल उघडून माल खराब निघाला तर सात दिवसांत परत जातो. हा फरक लहान नाही.

दुसरा मुद्दा त्याहून गंभीर आहे. ‘कशासाठी हवंय?’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला जात नव्हता. माझी धाकटी बहीणही इलेक्ट्रॉनिक्सचीच. तिच्या प्रोजेक्टसाठी रिले घ्यायला आम्ही दोघं गेलो. सर्किट तिचं, चिठ्ठी तिच्या हातात. काउंटरवरच्या माणसाने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, “यांना काय पाहिजे?” तिने उत्तर दिलं, तरी पुढचा प्रश्न मलाच. आज ती सगळं ऑनलाइन घेते. मी एकदा दुकानांच्या आठवणी काढत बसलो होतो तेव्हा म्हणाली, “दादा, त्या साइटने मला एकदाही विचारलं नाही की सोबत कोण आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. आणि अंतराचं काय? मला बार्शीहून पुण्याला यायला निदान एसटी होती आणि घरून भाड्याचे पैसे मिळत होते. भामरागडच्या, धडगावच्या मुलासाठी तापकीर गल्ली होती का? त्याच्याकडे आज पार्सल पोचतं. ज्या जगात तो कधी नव्हताच ते जग गेलं म्हणून त्याने हळहळावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

मग ऑनलाइनने दुकानं मारली हे तरी खरं का? मला ते अर्धंही खरं वाटत नाही. घरपोच पार्ट ही काही नवी कल्पना नाही. मासिकातली जाहिरात पाहून व्हीपीने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवून, किट मागवणं आमच्या आधीच्या पिढीनेही केलं. अमेरिकेतली डिजी-की ही आजची अवाढव्य कंपनी १९७२ साली मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स या आडगावात सुरू झाली, ती हौशी रेडिओवाल्यांसाठीच्या एका छोट्या किटमधून. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मॅप्लिन सुरू झाली, तीही टपालाने पार्ट विकणारी म्हणूनच. मॅप्लिनने पुढे देशभर दुकानं थाटली आणि २०१८मध्ये ती बुडाली. डिजी-की पार्सलवरच राहिली आणि वाढली. दुकानांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे पचवलं पाहिजे.

रेडिओशॅकचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९२१ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेली ही साखळी अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हौशी लोकांचा आधार होती. २०१५च्या फेब्रुवारीत तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि सगळीकडे इंटरनेटला दोष देऊन झाला. पण त्याच्या किती तरी आधीच तिच्या भिंतींवरचे पार्ट आक्रसून मागच्या कोपऱ्यातल्या काही खणांत गेले होते आणि दर्शनी जागा मोबाइल फोनच्या करारांनी भरली होती. कमिशन फोनवर मिळत होतं. ट्रान्झिस्टरबद्दल विचारलं तर सांगू शकेल असा माणूस काउंटरवर उरला नव्हता. दुकान बंद पडण्याआधी त्यातलं काम बंद पडलं होतं. तापकीर गल्लीतल्या त्या फोटोतही हेच दिसतं. कव्हरं तिथे एका रात्रीत आली नाहीत. आधी मेकॅनिक येईनासे झाले. जुना काचेचा टीव्ही उघडून पार्ट बदलता येत असे; सपाट टीव्हीत ‘पूर्ण बोर्डच बदलावा लागेल’ हे वाक्य आलं. पार्ट तांदळाच्या कण्यांइतके बारीक होऊन बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटले. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या जवळ जाऊन बसला. आपण सगळ्यांनी मिक्सर, रेडिओ, टेप, चार्जर दुरुस्त करायचं सोडलं, आणि ज्या धंद्याच्या आधाराने आमच्यासारख्यांना सुटा पार्ट मिळत होता तो धंदा आटला. म्हणून ‘चार पैसे जास्त देऊन दुकानातून घ्या’ या आवाहनात मला अर्थ वाटत नाही. वर्षातून दोनदा आठवणीपोटी घेतलेल्या ब्रेडबोर्डवर गाळ्याचं भाडं निघत नाही. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गेला की नवा पंखा आणणाऱ्या घराने पार्टांच्या दुकानासाठी हळहळणं व्यर्थ आहे, आणि अशा घरांत माझंही घर काही वर्षं होतं.

इथवर मी दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळं देऊन टाकलं. तरी तिचा निष्कर्ष मला मान्य नाही. ‘बाजाराने निर्णय दिला, विषय संपला’ असं म्हणताना ती बाजू एक गोष्ट गृहीत धरते: आपल्याला काय हवं आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. शोधाच्या चौकटीत काही तरी टाइप करावं लागतं. शिकणाऱ्याची अडचण नेमकी तिथे असते. त्याला वस्तूचं नाव माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी पुष्कळदा चुकीचं असतं. मी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाइप केला असता तर मला उत्तम, स्वस्त, चार तारे मिळवलेला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घरपोच मिळाला असता. मागितलं ते दिलं, व्यवहार चोख. मागणंच चुकलंय हे सांगणं ही विक्रेत्याची जबाबदारी कुठे असते?

यावर उत्तर तयार असतं, की आता यूट्यूबवर मराठीतसुद्धा सगळं आहे आणि संगणकाला प्रश्न विचारला तर तोही नीट उत्तर देतो. खरं आहे. आम्हाला डेटाशीटची एक झेरॉक्स मिळवायला महिना लागायचा, तिथे आज ती क्षणात उघडते. मी स्वतः रोज वापरतो. पण सर्किट बिघडतं तेव्हा ते हातात असतं, आणि ते हातात घेऊन पाहणारा माणूस वास घेऊन सांगतो की कंडेन्सर उलटा लागलाय. पडद्यावर तुम्ही जेवढं सांगाल तेवढ्याचंच उत्तर येतं. जे तुमच्या लक्षातच आलं नाही ते तुम्ही सांगणार कसं? आणि निदान झाल्यावर पार्ट लागतो. एकच, आणि आज. “५४७ संपलेत, २२२२ घेऊन जा. चालेल, पण प्लास्टिकवाल्याचे पाय उलटे असतात, फिरवून लाव.” या एका वाक्यात तीन गोष्टी एकत्र आहेत: पर्याय, त्याचा धोका, आणि हातात तो एक नग. यांतली प्रत्येक गोष्ट आज सुटी सुटी मिळते. एकत्र मिळत नाही. माहीतगार माणसाला याची अडचण वाटणार नाही. १५ वर्षांच्या पोराचा उत्साह मात्र पार्सलची वाट पाहत चौथ्या दिवशी मावळतो, आणि पाचव्या दिवशी आलेल्या पाकिटात भलताच पार्ट निघाला की पेटी माळ्यावर जाते.

एका पार्टाचा प्रश्न तर मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पार्सलच्या खर्चाने शिकण्याची रीतच बदलली आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काही पैशांच्या रजिस्टन्ससाठी त्याच्या कित्येक पट डिलिव्हरीचा खर्च कोण देईल? म्हणून विकणारे दहाचं, शंभराचं पाकीट विकतात, नाही तर तयार मॉड्यूल, म्हणजे पार्ट आधीच जोडलेले छोटे बोर्ड विकतात. रिलेचं मॉड्यूल, सेन्सरचं मॉड्यूल, मोटर चालवायचं मॉड्यूल. चार तारा जोडायच्या, कुणाचा तरी प्रोग्राम टाकायचा, झालं. यात वाईट काय, असं विचारणाऱ्याचं मी ऐकतो. व्हॉल्व्हवाल्यांनी ट्रान्झिस्टरला नावं ठेवली, ट्रान्झिस्टरवाल्यांनी आयसीला. प्रत्येक पिढीला आपल्याच पायरीवर खरं ज्ञान असतं असं वाटतं. २००५मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्दुइनो हा प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड बनला तो मुळात इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याने लाखो मुलांना दार उघडून दिलं. मॉड्यूलवर माझा राग नाही. पण शाळेच्या प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून जातो तेव्हा पाहतो, रिलेच्या मॉड्यूलवरचा एक बारका ट्रान्झिस्टर जळला की पूर्ण मॉड्यूल कचऱ्यात जातं. मुलांना तो ट्रान्झिस्टर कुठे आहे हे सांगितलं तर ती वाकून बघतात, डोळे चमकतात. कुतूहल शाबूत आहे. पण तो एक ट्रान्झिस्टर त्यांनी आणायचा कुठून? वरच्या पायरीवर चढणं चांगलंच, फक्त खालची पायरी काढून घेतलेली नसावी.

काउंटरवरच्या माणसाचा अधिकार किती दूर पोचतो याचं एक जुनं उदाहरण आहे. १९७६ साली स्टीव्ह जॉब्झ आणि स्टीव्ह वॉझ्नियाक यांचा बेत संगणकाचे नुसते छापलेले बोर्ड हौशी लोकांना विकण्याचा होता; पार्ट ज्याने त्याने जोडावेत. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या बाइट शॉप या संगणकाच्या दुकानाचे पॉल टेरेल म्हणाले, मला ५० नग हवेत, पण जोडून तयार असलेले, आणि नगाला ५०० डॉलर देईन. ॲपलची पहिली मोठी ऑर्डर ही. टेरेलना हे कसं कळलं? त्यांच्या समोर रोज माणसं येऊन उभी राहत होती, काय जमलं नाही ते सांगत होती. काय विकलं गेलं हे यंत्रालाही कळतं. काय मागायचं होतं पण मागता आलं नाही, हे समोरच्या माणसाच्या अडखळण्यातून कळतं.

तरीही बाजार हे करत नसेल तर सरकारने, समाजाने त्यात का पडावं? एक दाखला जपानचा. टोकियोतला अकिहाबारा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आज जगाला माहीत आहे. युद्धानंतर तिथे रस्त्याकडेला रेडिओच्या पार्टांचे फेरीवाले बसत. १९४९मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने रस्त्यावरचे गाळे उठवायचा हुकूम काढला. त्या विक्रेत्यांना स्टेशनजवळ, रेल्वेच्या पुलाखाली जागा मिळाली, आणि ते हाताएवढे गाळे पुढच्या काळातल्या जपानी इलेक्ट्रॉनिक्सचं अंगण ठरले. त्यातलं रेडिओ स्टोअर २०१३मध्ये बंद झालं, जवळचं रेडिओ सेंटर टिकून आहे. ती जागा मिळाली नसती तर ‘बाजाराने निर्णय दिला’ असंच तेव्हाही म्हटलं गेलं असतं.

दुसरा दाखला आपला, घरचा. पुस्तकांची दुकानं होती, छापील पुस्तकं स्वस्त होत होती, तरी १९६७ साली आपण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला. गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि अनुदान मिळू लागलं. त्या अनुदानाची रड मला ठाऊक आहे. पण पुस्तक विकत मिळतं म्हणून वाचनालय नको, असं कुणी म्हणालं नाही. ज्याला काय वाचावं हे माहीत नाही त्याच्यासाठी कपाट उघडं असावं आणि कपाटाजवळ माणूस असावा, हे आपण तत्त्व म्हणून स्वीकारलं. मग पार्टांचं तसं वाचनालय का नको? तालुक्याच्या आयटीआयमध्ये किंवा एखाद्या शाळेत संध्याकाळी दोन तास उघडणारा काउंटर: पाचशे प्रकारचे खण, एक मल्टिमीटर, दोन सोल्डरिंग आयर्न, पार्ट मूळ किमतीला एकेक, आणि मागे बसलेला एक अनुभवी मेकॅनिक, ज्याला त्याच्या तासांचे पैसे मिळतात. मुलींना आणि बाहेरच्यांना मोकळेपणाने येता येईल असा नियम घालून देता येईल, कारण ती जागा सार्वजनिक असेल. गल्लीतल्या गाळ्यावर तो नियम कुणी घालू शकत नव्हतं. माझ्या बहिणीच्या आक्षेपाला माझ्याजवळ असलेलं हे एकमेव प्रामाणिक उत्तर आहे.

हे हवेतलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकायचं या एका आग्रहावर. २००२मध्ये तिथे अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहायची कार्यशाळा, उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. मुंबई-पुण्याच्या आधी पाबळला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये पोर्टल काढलं, पण दुरुस्ती करणारा आणि पार्ट देणारा हाताशी नसेल तर तो हक्क बजावायचा कुठे? आणि पैसे नाहीत म्हणावं तर २०१६पासून देशात १०,०००च्या घरात शाळांना केंद्र सरकारच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने काही बनवून पाहायच्या प्रयोगशाळा, मिळाल्या आहेत. एका शाळेला एकूण २० लाखांपर्यंत, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षं चालवण्यासाठी. २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. यंत्रं आली, थ्रीडी प्रिंटर आले. त्या खोलीत बसणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी आठवड्याला ३० तासिका घेऊन दमलेला विज्ञानाचा शिक्षक असतो.

आमच्या गावातले टीव्ही दुरुस्त करणारे एक काका गेल्या वर्षी दुकान बंद करून घरी बसले. ४० वर्षांचे खण त्यांच्याकडे आहेत, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. मी त्यांना म्हटलं, काका, शाळेतल्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बसाल का? ते म्हणाले, “बसेन की. खण पण घेऊन येतो. पण तिथे पोरांना हात लावू देतात का? मागे एकदा बघायला गेलो होतो तर कपाटांना कुलूप होतं.” मी मुख्याध्यापक बाईंना भेटलो. त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, उघडं ठेवायला माझी काही हरकत नाही. मग अनुदानाची फाइल माझ्यासमोर उलगडून त्यांनी विचारलं की या माणसाचं मानधन यातल्या कोणत्या रकान्यात दाखवू. आम्ही दोघांनी मिळून सगळी पानं पाहिली. तसा रकाना आम्हाला सापडला नाही. खण अजून काकांच्या घरीच आहेत आणि बाईंनी वर पत्र पाठवलं आहे.